हमालीवर अडत काहून लावता जी?

आंबिया बहाराची संत्री नागपूरच्या कळमना बाजारात उतरू लागली की आमच्या आयटी पार्कातल्या ऑफिसचा फोनही सकाळपासून खणखणतो. तिथल्या एका अडत दुकानाच्या बिलांचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. त्या सकाळी मुनीमकाका होते. "सर, हमालीवर अडत काहून लावता जी?"

"काकाजी, बिलाचा फोटो पाठवा."

माल 18,450 रुपयांचा, अडत म्हणजे अडत्याचं कमिशन 6 टक्के, हमाली 425. काकांनी पेन्सिलीने 19,982 काढले होते. छापील बिलात 20,007.50. माझी नजर त्या पन्नास पैशांवरच अडली, कारण रक्कम पूर्णांकात आणणारं फंक्शन (एक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) आमच्या यादीत सगळ्यात शेवटी होतं. मग पैसे उरलेच कसे?

कोड आमच्याकडे दुसरीकडून आलेला, पण रचना देखणी होती. अडत, हमाली, पूर्णांक अशी फंक्शन्सची ॲरे, म्हणजे क्रमवार यादी. मालाची रक्कम ही सुरुवातीची किंमत. प्रत्येक फंक्शन आलेली रक्कम घेतं, आपला आकार लावतं आणि पुढच्याच्या हाती देतं. ही साखळी मला मनापासून आवडते. उद्या बाजार समितीचा नवा आकार आला तर ॲरेत एक नाव वाढवायचं, बस.

प्रत्येक फंक्शनच्या मागे मी एक साधं फंक्शन घुसवलं: हाती आलेली रक्कम कन्सोलवर, म्हणजे प्रोग्रामरला दिसणाऱ्या खिडकीत, छापायची आणि जशीच्या तशी परत द्यायची. साखळीत बिघाड शोधायला याच्याइतकं कामाचं हत्यार नाही. कन्सोलवर उमटलं: 18,450, मग 18,875. अडतीनंतरचा आकडा 19,557 यायला हवा होता, तो कुठेच नाही. यादी उलटी चालत होती! आधी पूर्णांक, मग हमाली, शेवटी अडत. 425 चे 6 टक्के म्हणजे 25.50, नेमका तोच फरक.

साखळी जोडताना यादी डावीकडून चालवणाऱ्या रिड्यूसऐवजी उजवीकडून चालवणारं रिड्यूसराइट वापरलं होतं. दोन्ही 2009 च्या ईएस5 या आवृत्तीपासून जावास्क्रिप्ट भाषेत आहेत. रिड्यूसराइट वापरणं मुळात चूक नाही. गणितात एफ ऑफ जी ऑफ एक्स म्हटलं की आधी जी चालतं, आणि कंपोझ म्हणून लिहिलेली फंक्शन्स म्हणूनच उजवीकडून सुटतात. पाइप म्हणून लिहिलेली डावीकडून. इथे यादी पाइपच्या क्रमाने लिहिलेली आणि जोडणी कंपोझची. नुसत्या बेरजा असत्या तर क्रम उलटूनही उत्तर तेच आलं असतं. टक्केवारी शिरली की क्रमच हिशेब ठरवतो.

कोड तपासणाऱ्या टेस्ट मात्र सगळ्या हिरव्या, म्हणजे पास! उघडून बघितल्या तर प्रत्येक नमुना बिलात हमाली शून्य. शून्यावर कितीही टक्के लावा.

रिड्यूस केलं, काकांचंच बिल टेस्टमध्ये घातलं. शिवाय ॲक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे साखळीतून पुढे जाणाऱ्या मूल्यात, रकमेसोबत प्रत्येक टप्प्याचा आकडाही ठेवला, म्हणजे बिलावर अडत आणि हमाली वेगळ्या ओळीत छापता येतात. संध्याकाळपर्यंत हंगामातली सगळी बिलं पुन्हा चालवली आणि जास्तीची रक्कम खरेदीदारांच्या खात्यांत जमा दाखवून यादी काकांना पाठवली.