एक टॅब, चार स्पेस

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या युनिटात हायड्रॉलिक प्रेसचे कंट्रोल पॅनल तयार होतात. त्यांचं फर्मवेअर, म्हणजे पॅनलच्या आत चालणारा प्रोग्रॅम, माझ्याकडे. गेल्या पावसाळ्यात एका पॅनलवर दाब मधूनच २१० बारच्या वर उडी मारायचा. मी फर्मवेअरमधल्या फिल्टरमध्ये दुरुस्ती केली. ती टिकते का, एवढंच बघायचं होतं.

त्यासाठी जीडीबीची (चालत्या प्रोग्रॅममध्ये डोकावून दोष शोधायचं साधन) एक जुनी पायथन स्क्रिप्ट आहे. ब्रेकपॉइंटला, म्हणजे प्रोग्रॅम थांबवायच्या खुणेला, ‘स्टॉप’ नावाचं फंक्शन जोडलेलं. दाब २१० च्या मर्यादेवर गेला का, हे ते दर चक्राला तपासतं. ‘ट्रू’ दिलं तर प्रोग्रॅम थांबतो, ‘फॉल्स’ दिलं तर पुढे जातो. नव्या लॅपटॉपवरचा जीडीबी पायथन ३ चा, स्क्रिप्ट मात्र पायथन २ च्या काळातली, टॅब-स्पेसची खिचडी. पायथनमध्ये कुठली ओळ कशाच्या आत, हे ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेवरून ठरतं, आणि पायथन ३ ला तिथे अशी सरमिसळ चालत नाही: लोड करताच टॅबएरर. मी सगळ्या टॅबच्या जागी चार-चार स्पेस घातल्या आणि वर ब्लॅक हे कोड नीटनेटका मांडणारं साधन चालवलं. फॉरमॅट करण्याआधीचा आणि नंतरचा कोड अर्थाने एकच आहे ना, हे ब्लॅक स्वतः ताडून बघतं, म्हणून मी निर्धास्त होतो. सहकाऱ्याने डिफ (जुन्या-नव्या कोडमधला फरक) बघितला तो स्पेसचे फरक लपवून. अवतरणचिन्हं तेवढी बदललेली दिसली, मंजूर. पायथनचा बदल असा तपासणं मला आजही पटत नाही.

तीन तास प्रेस चालला, एकदाही थांबला नाही. दोष गेला म्हणून मी कळवलं. पॅनल टेम्पोत चढून कोल्हापूरच्या वाटेला लागलं.

टेस्टिंगचे मामा म्हणाले, “परवापर्यंत तासाला एकदा तरी थांबायचं. आज थांबतंय का, ते मुद्दाम करून बघितलास काय रे?”

नव्हतं बघितलं. बेंचवरच्या दुसऱ्या पॅनलला तीच स्क्रिप्ट लावली, मर्यादा ५० वर आणली. दर चक्राला थांबायलाच हवं. थांबेना.

मग ओळ न् ओळ वाचली. दाब शून्याखाली दिसला तर सेन्सरची वायर सुटली समजून ते वाचन सोडायचं, असा एक ‘इफ’ होता, आठ स्पेसवर. त्याच्या आतली पहिली ओळ बारा स्पेसवर. दुसरी, ‘रिटर्न फॉल्स’, एक टॅब आणि चार स्पेसवर. पायथन २ तो टॅब आठ धरायचा: आठ नि चार बारा, ओळ ‘इफ’च्या आत. मी टॅबचे चार केले: चार नि चार आठ, ओळ बाहेर. दाब काहीही असो, उत्तर ‘फॉल्स’च, मर्यादेची तपासणी त्याच्या खाली होती, तिथवर पोचायचंच नाही. माझ्या एडिटरमध्ये टॅब चारचा दिसतो, त्यामुळे ती ओळ मला पहिल्यापासून बाहेरच दिसत होती. आणि ब्लॅकने ताडून बघितलं ते मी मोडलेल्या कोडशी.

टेम्पो तोवर निपाणीला पोचला होता. साहेबांना सगळं सांगून परत बोलावला. ओळ चार स्पेस आत घेतली, मर्यादा पुन्हा २१० केली, पॅनल जोडलं. चाळीस मिनिटांनी थांबलं. स्क्रीनवर आकडा होता २२४. फिल्टरची माझी दुरुस्ती लागू पडलेलीच नव्हती.