आमची वाटचाल : आकडा किती, आणि किती वाजताचा

२००९ साली सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत एक छोटा गाळा भाड्यानं घेतला आणि मी नि माझा मेव्हणा, दोघांनी मोटार स्टार्टरचे पॅनेल भरायला सुरुवात केली. वर्षभरात मोबाईल ऑटोची कामं यायला लागली. शेतीची लाईट रात्री-बेरात्री येते. शेतकऱ्यानं घरूनच मिसकॉल द्यायचा आणि नदीवरची मोटार सुरू करायची, एवढंच ते काम. पहिली पंधरा-वीस मशीन फार छळायची, मधेच बंद पडून आपोआप चालू व्हायची. आम्ही सिमकार्ड बदलली, अँटेना बदलल्या, कंपनीला शिव्या घातल्या. दोष निघाला आमच्याच सप्लायमध्ये. टूजीचा मॉडेम टॉवरशी बोलताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत करंट खेचतो. तेवढ्यात व्होल्टेज खाली बसायचं. एक मोठा कपॅसिटर लावला आणि प्रश्न मिटला. त्या दहा-पंधरा रुपयांच्या मालापायी आमचे चार महिने गेले होते.

पाण्याची पातळी मोजण्याचं काम गिऱ्हाइकांनीच आमच्या गळ्यात घातलं. कृष्णाकाठची मोटार म्हणजे दर पावसाळ्याची कसरत. पाणी चढायला लागलं की ती वर काढावी लागते. पंधरा हॉर्सपॉवरची मोटार असेल तर दहा माणसं, ट्रॅक्टर, चेनब्लॉक आणि तीन-चार तास तरी हवेत, तेही चिखलात. कोयनेतून सोडलेलं पाणी आमच्याकडं यायला बरेच तास लागतात, पण वारणेचं आणि मधल्या ओढ्यांचं पाणी कधी येऊन मिळेल याचा नेम नसतो. म्हणून लोक म्हणायचे, ‘मोटार चालू का बंद ते सांगताय, तसं पाणी किती आलंय तेबी सांगा की.’

मग काठावर खांब उभा केला, वरून खाली बघणारा, आवाज पाण्यावर आपटून परत यायला लागणाऱ्या वेळेवरून अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर लावला आणि दर पाच मिनिटांनी एक आकडा पाठवायला लागलो. सेन्सरच्या तोंडात कोळी जाळं विणतो आणि दुपारच्या उन्हात आवाजाचा वेग बदलल्यानं पाणी बसल्या जागी दहा-पंधरा सेंटिमीटर वर-खाली झाल्यासारखं दिसतं, हे आम्हाला खांबावर चढूनच कळलं. रेंज गेली तर रीडिंग मशीनमध्येच साठवायचं आणि आली की पाठवायचं, अशी सोय केली होती. ‘एकही नोंद हरवत नाही’ हे आम्ही माहितीपत्रकावर जाड अक्षरात छापलं होतं.

त्याच ओळीनं आम्हाला तोंडावर पाडलं. २०१९ च्या ऑगस्टचा पहिला आठवडा. संध्याकाळी साडेसातला एका ठिकाणची रेंज गेली, ती अकराला आली. मधली बेचाळीस रीडिंग मशीनमध्ये रांगेत उभी होती. रेंज आल्यावर मशीननं सगळ्यात जुनं आधी पाठवायला घेतलं. सिग्नल कमजोर, एकेक मेसेज दोन-दोन, तीन-तीनदा पाठवावा लागत होता. त्यात आमच्या मशीनला स्वतःचं घड्याळच नव्हतं. आकडा सर्व्हरवर पोचला की पोचल्याची वेळ त्याला चिकटायची. परिणाम असा, की अकरा वाजून पाच मिनिटांनी लोकांच्या मोबाईलवर पातळी दिसत होती २६ फूट, आणि ती होती साडेसातची.

सव्वाअकराला फोन आला. ‘मालक, तुमचं मशीन सव्वीस दावतंय आन् हितं पाणी मोटरीला लागलंय. मी बॅटरी घिऊन काठावरच हाय.’ प्रत्यक्षात पाणी २९ च्या वर होतं. त्यांच्या दोन मोटारींपैकी एक निघाली, दुसरी बुडाली. रिवाइंडिंगचा खर्च आम्ही दिला. ते घ्यायला तयार नव्हते, पण दिला.

पुढच्या काही दिवसांत सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ आहे. आमच्या सात मशीनपैकी पाच गेली. मला मात्र त्या एका बुडालेल्या मोटारीचंच जास्त लागून राहिलं. पुरापुढं कुणाचं काय चालणार, पण त्या रात्रीचा आकडा आम्ही पाठवला होता.

दिवाळीपर्यंत नवीन माल बंद ठेवला आणि मशीनचा प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. आधी घड्याळ बसवलं. साधं घड्याळ महिन्याला मिनिटभर तरी सरकतं. तापमानाप्रमाणे स्वतःला सांभाळून घेणारी चिप घेतली की वर्षाला जेमतेम एक मिनिट. मोजलेल्या क्षणीच आकड्याला वेळ चिकटते. रांग उलटी केली : ताजा आकडा आधी जातो, जुने मागून सवडीनं. एसएमएस ठेवला, कारण इंटरनेट चालत नाही तिथं तो पुष्कळदा निघून जातो. पण तोही वाटेत तासन्‌तास अडकू शकतो, म्हणून मजकुरातच लिहितो, ‘रात्री १०.४० ला २८ फूट ६ इंच.’

आणि एक गोष्ट केली, जिच्यापायी धंदा थोडा बुडाला. आकडा वीस मिनिटांहून जुना झाला की स्क्रीनवर तो फिका पडतो. तासाभरानं जातो आणि तिथं येतं : ‘माहिती नाही’. एका मोठ्या कामाच्या डेमोला नेमकी रेंज गेली. आमच्या स्क्रीनवर ‘माहिती नाही’, शेजारच्या कंपनीच्या स्क्रीनवर मघाचाच आकडा ठसठशीत. साहेब म्हणाले, ‘यांचं बघा, कसं कायम चालू असतं.’ ऑर्डर गेली. मेव्हणा घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलला नाही.

रेंजवर उपाय म्हणून काठापासून गावातल्या उंच घरापर्यंत लोरा रेडिओ लावला, म्हणजे मोबाईल टॉवरशिवाय छोटे मेसेज लांबवर पोचवणारा रेडिओ. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झला आपल्याकडं परवाना लागत नाही. जूनमध्ये दोन किलोमीटरवर झकास चाललं आणि सप्टेंबरात बंद पडलं. मध्ये उभा ऊस! जूनमध्ये गुडघ्याएवढा होता, आता डोक्याच्या वर, आणि पानात पाणी. लोराला हळू बोलायला लावलं तर तो लांब पोचतो, पण जो मेसेज सेकंदाच्या विसाव्या भागात जायचा त्याला सव्वा सेकंद लागतो आणि दोन मशीन एकदम बोलली तर दोन्ही मेसेज वाया. शेवटी अँटेनाच वीस फुटांवर नेली. आता जागा बघायला गेलो की रानात काय लावणार आहात, हे आधी विचारतो.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५० च्या वर गेलं. लाईट गेल्यावर टॉवर एकेक करून मुके झाले, आमच्या स्क्रीनवर निम्म्या ठिकाणी ‘माहिती नाही’ आलं. त्या रात्री तक्रारीचा फोन एकही आला नाही. आले ते विचारणारे : ‘शेवटचा आकडा किती वाजताचा हाय?’

आज आम्ही सातजण आहोत. ज्यांची मोटार बुडाली त्यांच्या रानात आमचं मशीन अजून आहे. शेजारी त्यांनी स्वतः चुन्याचे पट्टे मारलेला बांबू रोवलाय. जून लागला की त्यांचा फोन येतो, ‘मालक, माझा बांबू आन् तुमचं मशीन चार बोटं फरक दावतंय, येऊन बघून जावा.’ गेल्या वर्षी गेलो, तर बांबू बरोबर होता.