घरचे बी

परवा दुपारी चहासाठी साखर शोधताना फडताळातल्या पत्र्याच्या डब्यात एक पुरचुंडी हाती लागली, आणि बोटांना राख व चपट्या बिया जाणवताच ते घरच्या भोपळ्याचे बी असल्याचे कळले. राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी हे बी आजीच्या सासूपासून चालत आले, असे सांगतात.

मृग लागता लागता आजी गोठ्यामागे आळे करी आणि वेल गडग्यावर चढवी. भर पावसात मधमाश्या फिरकत नाहीत आणि परागही भिजून वाया जातात. म्हणून ती सकाळीच इरले पांघरून परड्यात जाई, नराचे फूल खुडून त्याच्या पाकळ्या सोलून टाकी आणि ते मादीच्या, म्हणजे बुडाशी इवलासा भोपळा घेऊनच उमलणाऱ्या फुलात अलगद फिरवी. "लग्न लावून आले," असे म्हणत ती चुलीशी बसे. दसऱ्याच्या सुमारास भोपळा तयार झाला, की एवढी लग्ने लावणारी हीच बाई त्याला पहिला कोयता मात्र स्वतः लावीत नसे. त्यासाठी घरातला पुरुष लागे, आणि कोणीच नसले तर आठ वर्षांच्या मला हाक मारली जाई. त्या मानाची भरपाई मी घारग्यांत करून घेत असे.

गडग्याच्या टोकाची फुले आजीच्या हाताला लागत नसत आणि शेजारच्या परड्यात भलत्याच लांबट जातीचा वेल होता. परागांची सरमिसळ त्या वर्षीच्या फळात दिसत नाही. साल, गर, गोडी सारे आईचे राहते, पोटातले बी तेवढे मिश्र होते आणि पुढच्या वर्षी उघडे पडते. शिवाय मुळात हा तांबडा भोपळाच अमेरिकेतला. 1492 पूर्वी तो आमच्या किनाऱ्यावर कोणी पाहिलेला नव्हता. तेव्हा 'घरचे बी' म्हणून फार ऐट मिरवण्यात अर्थ नाही, हे मला कळते. तरीही बाजारातली चिरलेली फोड मी घेत नाही, आणि देठ मोडलेला भोपळा तर नाहीच नाही.

आजी जाऊन सात वर्षे झाली. त्यानंतर आळे कोणी केले नाही. भोपळ्याचे बी चार-पाच वर्षांपलीकडे क्वचितच रुजते. पुरचुंडीची गाठ तिच्या हातची आहे. मी ती अजून सोडलेली नाही.