कॉकपिटमधला छोटा कॅमेरा

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून झेप घेतल्यावर दिसणारी पंचगंगेची वळणे टिपावीत, या ओढीने दोन आसनी विमानात छोटा कॅमेरा बसवायचे मी ठरवले आणि त्याची लेखी परवानगी आधी मिळवली. खरा प्रश्न जागेचा होता. पुढच्या काचेवर रबरी सक्शन कप लावणे सोपे वाटते. परंतु ज्या बाहेरील हवेच्या दाबामुळे तो चिकटून राहतो, तो दाब ८००० फुटांवर समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांशच उरतो, आणि सैल झालेला कॅमेरा ऐन उतरताना कंट्रोलमध्ये अडकण्याचा धोका मला मुळीच मान्य नव्हता. म्हणून देखभाल अभियंत्यांना दाखवून तो आसनांमागील नळीला क्लॅम्पने आवळला व वेगळ्या दोरीनेही बांधला. होकायंत्राची सुई विचलित होऊ नये यासाठी चुंबकी स्टँड कटाक्षाने टाळला.

विमानाच्या पंख्याचे (प्रोपेलरचे) चित्रण मात्र वेगळीच काळजी मागते. कॅमेरा दृश्य ओळीओळीने वाचतो. मिनिटाला २४०० फेरे घेणारी पाती त्यामुळे कोयत्यासारखी वाकलेली दिसतात. लेन्सवर गडद एनडी फिल्टर, म्हणजे आत येणारा प्रकाश कमी करणारी काच, चढवल्यास शटर अधिक काळ उघडे राहते आणि पाती डोळ्यांना दिसतात तशी विरळ, धूसर उमटतात.