सात नंबर

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पर्वरीचा एक मुलगा माझ्या म्हापशाच्या गॅरेजात सेकंडहँड गाडी घेऊन आला. २०१७ चं मॉडेल, दोन लिटर टर्बो पेट्रोल, २३० हॉर्सपॉवर, सहा गिअरचा ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मीटरवर ६१ हजार किलोमीटर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ही गोष्ट गाडीची कमी आणि माझी जास्त आहे.

गाडी बंगळुरूची. लिफ्टवर चढवली आणि खाली उभा राहून मिनिटभर नुसता बघत बसलो. किनाऱ्यावरच्या गाड्या न सांभाळलेल्याला हे सुख सांगून कळणार नाही. आमच्याकडे पाच वर्षांची गाडी खालून गंजलेली असते, सस्पेन्शनचा एक बोल्ट काढायला अर्धी दुपार जाते. इथं पाना लावला की बोल्ट फिरत होता.

मुलाचा पहिला प्रश्न इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवण्याचा: "काका, रिमॅप केला तर किती वाढेल?"

"आधी आहेत ते २३० घोडे जिवंत आहेत का बघू," म्हटलं.

अशा गाडीचं मेंटेनन्स ठरवायचं म्हणजे आधी पहिल्या मालकाचा स्वभाव शोधायचा. सर्व्हिस बुकातले शिक्के मी बघत नाही, बिलं बघतो. साठ हजार किलोमीटरला गिअरबॉक्स ऑइल बदलायचं असतं. शिक्का होता, बिलात मात्र मजुरी होती आणि ऑइलचे लिटर कुठेच नव्हते. फिल्टरही नाही. शिक्का मारायला पैसे पडत नाहीत. टायरवर नक्षी भरपूर होती, पण कडेचे चार आकडे सांगत होते २२१७, म्हणजे २०१७ चा बाविसावा आठवडा. नक्षी बघून टायर चांगला म्हणणारे लोक आंबाही रंगावरून घेत असावेत.

मुलाकडे चाळीस हजार होते. मी वहीच्या पानावर यादी केली. एक गिअरबॉक्स ऑइल-फिल्टर, दोन ब्रेक ऑइल, तीन इंजिन ऑइल, चार स्पार्क प्लग. चारखाली रेघ मारली, पैसे तिथं संपत होते. पाच टायर. सहा इंटेक वॉल्व्हवरचा कार्बन, कारण या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरात जातं, वॉल्व्ह धुतले जात नाहीत. सात: कूलंट, लीक बघणे.

सात कुठून आलं ते सांगतो. टाकीतलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं गुलाबी पाणी, खालच्या रेघेच्या जरा वरच होतं. खाली लादीवर थेंब नाही. एवढंच.

ब्रेक ऑइल दुसऱ्या नंबरला का, असं त्यानं विचारलं. हे ऑइल हवेतली ओल पितं, आणि आपल्याकडे ओलीला काय कमी! डॉट ४ या प्रतीचं नवं ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल पिऊन जुनं झालं की हा आकडा १५५ वर येऊ शकतो. घाट उतरताना तापलेल्या ब्रेकमध्ये ऑइल उकळलं की पेडल पायाखालून जातं. त्याला पटलं. त्याची मावशी बेळगावात, चोर्ल्यानं येणं-जाणं ठरलेलं.

आता गिअरबॉक्स ऑइल. इथं मी थोडा लांबणार. हे काम मला आवडतं आणि आमच्या बाजूला ते नीट करणारे थोडे. दोन क्लच ऑइलात बुडालेले असतात, पातळी बघायला डिपस्टिक नसते. खालचा नट काढायचा, आतली प्लास्टिकची नळी काढायची, जुनं ऑइल सोडून द्यायचं, नळी परत बसवून नवं ऑइल खालूनच वर चढवायचं. मग इंजिन चालू करून लॅपटॉपवर तापमान बघत बसायचं. ३५ ते ४५ अंशांच्या मध्ये जादा ऑइल नळीवरून बाहेर येतं, धार तुटून थेंब व्हायला लागले की नट बंद. त्या आधी-नंतर केलं तर पातळी चुकली. गोव्यात गाडी चालवत आणली तर गिअरबॉक्स गॅरेजच्या दारातच ४५ च्या पुढे असतो. म्हणून मी गाडी रात्री ठेवून घेतो आणि सकाळी साडेसहाला, पोरं यायच्या आधी, काम धरतो. सव्वापाच लिटर लागलं.

फिल्टर मात्र गिअरबॉक्सच्या माथ्यावर. एअर बॉक्स काढला की दिसतो. त्याचं झाकण उघडायच्या आधी आजूबाजूचा भाग चकाचक केला पाहिजे, मातीचा कण आत गेला तर आतल्या, गिअर बदलणाऱ्या व्हॉल्व्हच्या पाटीचं वाटोळं. मी स्प्रे मारला, फडकं घेतलं आणि पुसून घेतलं. फडक्याला गुलाबीसर पावडर आली. वाटलं, कुणीतरी टाकीत कूलंट ओतताना सांडलं असेल. फडकं टाकलं आणि झाकण उघडलं.

तो क्षण मी नंतर किती वेळा आठवला असेन. या इंजिनाचा वॉटर पंप आणि पाण्याचं तापमान राखणारा थर्मोस्टॅट एकाच प्लास्टिकच्या हाउसिंगमध्ये असतात, इंटेकच्या खाली, गिअरबॉक्सच्या बाजूला. तो झिरपला तर पाणी लादीवर पडत नाही. गिअरबॉक्सच्या माथ्यावर साचतं, तिथंच तापून वाळतं आणि मागे पावडर उरते. लादीवर थेंब नव्हता तो म्हणूनच. हे मला माहीत नव्हतं असं नाही. दोन गाड्यांत मी हेच हाउसिंग बदललं आहे. पण त्या सकाळी माझं डोकं ३५ अंशांत अडकलेलं.

गाडी द्यायच्या दिवशी मुलानं यादी हातात घेतली. "काका, सात नंबर आत्ताच बघायचं का? थोडे पैसे करतो."

मी म्हटलं, "घाई नाही. चवथीनंतर बघू."

गोव्यात सगळंच चवथीनंतर, म्हणजे गणपतीनंतर, असतं.

ऑगस्टच्या एका रविवारी सकाळी त्याचा फोन. चोर्ला घाट, केरी सोडून बराच वर. कूलंटचा लाल दिवा लागला, गाडी थांबवली. "पण काका, तापमानाची सुई तर नव्वदवरच आहे." या गाड्यांत सुई बरीच मोठी तफावत पोटात घालून नव्वदवर बसते, गिऱ्हाइकाला धीर द्यायला. त्यातून पाणीच उरलं नाही तर सेन्सर मोजणार काय? विचारलं तर म्हणाला, पाण्याची बाटली आहे, ओततो. मी ओरडलो, झाकणाला हात लावू नकोस! रेंज गेली.

म्हापशाहून डिचोली, साखळी, केरी करत पोचायला दीड तास लागला. पाऊस, धुकं, आणि रस्त्याच्या मधोमध उभं राहून धबधब्याचे फोटो काढणारे. मुलगा छत्री घेऊन गाडीपासून दूर उभा होता, झाकण तसंच बंद. इंजिन निवलं होतं. चार लिटर डिस्टिल्ड वॉटर ओतलं, ते ओततानाच खाली धार लागली. टॉर्च मारला तर हाउसिंगच्या खालच्या कडेला केसाएवढी चीर. गिअरबॉक्सच्या माथ्यावर, मी महिन्याभरापूर्वी पुसलेल्या जागी, गुलाबी पाण्याचं डबकं.

गाडी पाठीवर घेऊन जाणाऱ्या फ्लॅटबेड ट्रकची वाट बघत आम्ही गाडीत बसलो. अशी गाडी पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढायची नाही, दोर बांधून मदत करायला थांबलेल्या ट्रकवाल्याला ते पटवताना दमलो. पुसायला कागद हवा म्हणून मी ग्लोव्ह बॉक्स उघडला. यादी वरच होती. सातभोवती पेनानं गोल, आणि पुढे त्याच्या अक्षरात 'चवथीनंतर'. तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

हाउसिंग बदललं, पंपाचा छोटा पट्टाही बदलला, प्रेशर टेस्ट रात्रभर ठेवली. इंजिन वाचलं, कारण पोरानं दिवा लागल्याबरोबर चावी फिरवली. माझ्या वयाचे कितीतरी लोक 'वरती चहाचं हॉटेल आहे, तिथंपर्यंत जाऊ' म्हणतात.

हेल्पर म्हणाला, "भाई, तुम्ही तर लिहून दिलेलं. बजेट त्याचं नव्हतं." तसं बिलावरही लिहिता आलं असतं. पण त्याच बजेटात सात वर आणायला मी काय पुढे ढकललं असतं? प्लग चालत होते. प्लग थांबले असते. गिअरबॉक्सही दोन महिने थांबला असता, खरं सांगायचं तर. तो पहिल्या नंबरला गेला तो शिक्क्याच्या रागानं, की मला ते काम करायचं होतं म्हणून, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

बिलात पार्टचे पैसे लावले, मजुरी लावली नाही. मुलगा बघून गेला, काही म्हणाला नाही. संध्याकाळी फोनवर पैसे आल्याचा आवाज झाला. मजुरीचा अंदाज त्यानं बरोबर बांधला होता, उलट दोनशे जास्तच. खाली मेसेजच्या जागी लिहिलं होतं, 'सात नंबर'.