तुम्ही विचारलंत म्हणून : डोमकळीची दुरुस्ती

शिक्षण परिषदेला गेलो की कुणी ना कुणी विचारतंच, "सर, फ्लॅश तर बंद झालं. मग तुमचा तो बोंडअळीचा धडा अजून कसा चालतो?"

फ्लॅश म्हणजे हलती चित्रं बनवायचं आणि दाखवायचं अ‍ॅडोबीचं सॉफ्टवेअर. ते बंद झाल्यावर धडा आधी रफल नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरवर चालला, आता तो फ्लॅशशिवायच चालतो. पण त्यामागची गोष्ट सांगायला हवी.

२०१० साली यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या शाळेसाठी मी कपाशीवरच्या बोंडअळीचं जीवनचक्र फ्लॅशमध्ये केलं. बटण दाबलं की अंडी, मग अळी, कोष, पतंग. सॉफ्टवेअर महागडं, त्यामुळे मित्राच्या संगणकावर बसून रात्री काम करायचो. मराठी अक्षरं तर फारच छळायची. 'चक्र'मधला 'क्र' फुटायचा, वेलांटी भलतीकडे जायची. शेवटी प्रत्येक शब्दाचं चित्र करून टाकलं. दिसायला छान, पण तो मजकूर राहिलाच नाही.

२०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भात कपाशीची वाट लावली. त्यानंतर सातवीतल्या एका मुलीने धडा बघता बघता विचारलं, "सर, याच्यात डोमकळी काऊन नाही?" तिचं बरोबर होतं. अळी शिरलेलं फूल उमलत नाही, पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहतात, तीच डोमकळी. तिने ते घरच्या वावरात पाहिलेलं. आणि मला धडा दुरुस्त करता येईना. मूळ फाइल मित्राच्या हार्डडिस्कबरोबर गेली होती. हाती उरली ती फ्लॅशमधून निघालेली तयार एसडब्ल्यूएफ फाइल. ती फक्त बघायची, बदलायची नाही. स्वतः केलेल्या धड्यात मला एक फूल घालता येत नव्हतं, हे मला फार लागलं.

पुढे ३१ डिसेंबर २०२० ला अ‍ॅडोबीने फ्लॅश प्लेयरचा आधार थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेयरने फाइली चालवणंच बंद केलं. फ्लॅशला मुक्त पर्याय द्यायचे प्रयत्न आधीपासून होते. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा ग्नॅश होता, लाइटस्पार्क होता. माझं काम रफलने केलं. त्याचा डेस्कटॉपवरचा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून नेला, एसडब्ल्यूएफ त्यात उघडली, इंटरनेट लागलं नाही. तुमच्या फाइली अ‍ॅक्शनस्क्रिप्ट (फ्लॅशमधली प्रोग्रामिंगची भाषा) १ किंवा २ मधल्या असतील तर बहुतेक चालतील. ३ मधल्या असतील तर एकेक उघडून बघा, काही अडतात.

पण रफलने धडा नुसता चालू झाला. डोमकळी अजून बाहेरच.

ती आत आली जेपेक्समुळे. हा फ्लॅश उलगडणारा मुक्त प्रोग्राम, त्याने एसडब्ल्यूएफमधली चित्रं एसव्हीजी करून बाहेर काढता येतात. माझा पतंग, माझी अळी, सगळं पुन्हा हातात आलं. (त्या दिवशी मी जेवायचं विसरलो.) एसव्हीजी हा चित्राच्या फाइलीचा प्रकार इंकस्केप या चित्रं काढायच्या मुक्त प्रोग्राममध्ये उघडतो, आणि आतून ते साधं अक्षरी असतं, नोटपॅडमध्येही वाचता येतं. शब्दांची जुनी चित्रं पुसली, युनिकोडमध्ये नव्याने टाइप केलं, 'जीवनचक्र' पहिल्यांदाच न फुटता उमटलं. टप्पे बदलायला थोडी जावास्क्रिप्ट पुरली. आता सगळा धडा एका एचटीएमएल फाइलीत आहे, पालकांच्या मोबाइलच्या ब्राउझरमध्येही उघडतो.

व्हिडिओचं थोडक्यात सांगतो. कापाकापीला केडेनलाइव्ह, आवाजाला ऑडासिटी, आणि शेवटी वेबएम हा व्हिडिओ फाइलीचा प्रकार. या प्रकारातला व्हीपी८ कोडेक (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) गूगलने २०१० मध्ये सर्वांसाठी मोकळा केला, तो ब्राउझरमध्ये प्लगइनशिवाय चालतो. मात्र मूळ फाइल नेहमी दोन जागी ठेवा, हे मी हार्डडिस्क गमावून शिकलो आहे.

डोमकळी त्या मुलीनेच काढली. ती तेव्हा दहावीत होती, सुट्टीच्या दिवशी शाळेत आली आणि इंकस्केपमध्ये पाकळ्या मिटवत बसली. रंग मी गुलाबी दिला होता, तो तिने बदलून फिका पिवळा केला. कपाशीचं फूल आधी तसंच असतं, म्हणाली.