घरात एकच हॅमर ड्रिल आणि भिंती मात्र चार प्रकारच्या, माझा अनुभव

पुण्यात रीसेलचा फ्लॅट घेतला आणि पडद्यांचे रॉड, पुस्तकांचं शेल्फ, बाथरूममधला टॉवेल रॉड, बाल्कनीतली कपडे वाळत घालायची पुली अशी होल मारायची यादी वाढतच गेली. दर वेळी कुणाला तरी बोलवायचं आणि त्याची वाट बघत बसायचं त्यापेक्षा स्वतःच शिकू म्हणून मी १३ एमएम चक (बिट, म्हणजे होल पाडणारी दांडी, पकडणारा जबडा) आणि ६०० वॅटचं साधं हॅमर ड्रिल घेतलं, हॅमर चालू केला की हे फिरता फिरता ठोकेही देतं. सगळं काम झालं, आता निवांत लिहितेय, कारण मशीन विकताना दुकानात यातलं फार काही सांगत नाहीत.

मला कळलेली मुख्य गोष्ट ही की होल ताकदीने पडत नाही, समोरची भिंत कशाची आहे ते कळलं की पडतं. आमच्या बिल्डिंगच्या भिंती विटांच्या, कॉलम बीम आणि खिडक्यांवरचे लिंटेल आरसीसीचे, आधीच्या मालकांनी घातलेलं एक पार्टिशन एएसी ब्लॉकचं (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे) आणि बाथरूमला टाइल. या चारही ठिकाणी स्पीड वेगळा, हॅमर चालू की बंद ते वेगळं आणि बिटही वेगळं. भिंत ओळखायला टकटक करून अंदाज येतो पण खात्री होते ती भुकटीवरून. आधी पांढरट करडी येते ती प्लास्टरची, मग लाल आली की वीट, करडीच राहिली आणि बिट हळू जायला लागलं की काँक्रीट, आणि पिठासारखी हलकी येऊन बिट भराभर आत गेलं की एएसी.

ट्रिगर दाबायच्या आधी वायर आणि पाइप. कन्सील्ड म्हणजे भिंतीच्या आत लपवलेलं वायरिंग बहुतेक वेळा स्विचबोर्डपासून सरळ वर किंवा खाली जातं, म्हणून बोर्डाच्या वर खाली उभ्या रेषेत आणि नळाच्या शॉवरच्या उभ्या रेषेत मी होल घेतच नाही, रॉड थोडा सरकवावा लागला तरी चालेल. हवेतून वायर ओळखणारा टेस्टर फिरवते पण एकट्या त्याच्यावर भरवसा नाही, वायर खोल असली तर तो गप्प बसतो. म्हणून त्या खोलीचा एमसीबी खाली करायचा आणि मशीनला दुसऱ्या खोलीतून एक्स्टेंशन आणायचं. एक्स्टेंशनची वायर रीळवर गुंडाळलेली असेल तर पूर्ण सोडायची, गुंडाळलेली ठेवून मशीन चालवलं की तापते.

अंगावर काय असावं तर गॉगल, एन ९५ मास्क आणि कानाला इअरमफ. काँक्रीट आणि विटेच्या धुळीत सिलिका असते, ती बारीक धूळ फुफ्फुसात जाते आणि रुमाल बांधून ती अडत नाही, हे मी घरच्यांनाही पुन्हा पुन्हा सांगते. ओढणी नको, वेणी वर बांधलेली, हातात बांगड्या नकोत, आणि सुती ढगळ ग्लोव्हज तर अजिबात नकोत कारण फिरत्या बिटात धागा अडकला तर हात ओढला जातो. बिट बदलताना प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. चकला तीन भोकं असतात, चावी तिन्हींत लावून आवळायची, नाहीतर बिट तिरकं बसतं आणि होल मोठं होतं. आणि चावी लगेच काढून घ्यायची.

विटांची भिंत सगळ्यात सोपी गेली. पेन्सिलने खूण, त्यावर खिळ्याने बारीक खड्डा म्हणजे बिट घसरत नाही, आधी हॅमर बंद ठेवून हळू स्पीडला सुरुवात, बिट जरा बसलं की हॅमर चालू. साईड हँडलला जी सळई असते तिने खोली सेट करायची, मी गिट्टीच्या (स्क्रू धरायला होलात बसवतात ती प्लास्टिकची नळी) लांबीपेक्षा साधारण १० एमएम जास्त घेते म्हणजे तळाशी भुकटी राहिली तरी गिट्टी पूर्ण आत जाते. ८ ची गिट्टी तर ८ चंच बिट. ही नायलॉनची फुलणारी गिट्टी १९५८ साली जर्मनीत आर्टूर फिशर यांनी काढली, स्क्रू आत गेला की ती फाकते आणि होलाच्या भिंतींना दाबून धरते, म्हणूनच होल सैल झालं की तिचा काही उपयोग राहत नाही. आतलं प्लास्टर साधारण १२ एमएमचं असतं आणि ते वजन धरत नाही, गिट्टी त्याच्या पलीकडे विटेत बसली पाहिजे. पुस्तकांच्या शेल्फला तर मी लांबच गिट्ट्या घेतल्या.

मग आले पडद्यांचे रॉड आणि खरं शिक्षण तिथे झालं. खिडकीच्या वर रॉड लावायचा म्हणजे नेमका लिंटेलमध्ये, पक्क्या काँक्रीटमध्ये. माझं मशीन आवाज प्रचंड करत होतं, प्लास्टर गेलं आणि मग बिट एका जागी नुसतं गरम होत राहिलं. आमच्या सोसायटीत काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियन दादांना विचारलं तर म्हणाले, "ताई, हे मशीन विटेचं. लिंटेलला रोटरी हॅमर आणा, भाड्याने मिळतं." मग दोघांत फरक काय ते नीट समजून घेतलं. साध्या हॅमर ड्रिलमध्ये दात असलेल्या दोन चकत्या एकमेकींवर घासत उड्या मारतात, मिनिटाला ४५,००० वगैरे ठोके पडतात पण प्रत्येक ठोका इवलासा आणि तोही आपण मागून दाबलं तरच. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन हवा दाबतो आणि त्या दाबाने आतला हातोडा बिटवर आदळतो, ठोके मिनिटाला ४,००० च्या आसपास पण एकेक ठोका २ ते ३ ज्यूलचा. काँक्रीट फुटतं ते या जोरदार ठोक्यांनी.

डिपॉझिट ठेवून २६ एमएमचं रोटरी हॅमर आणलं. त्याला चावीचा चक नसतो, एसडीएस प्लस बिट लागतं, १० एमएम जाडीचा दांडा आणि त्यावर चार खाचा, दोन फिरवायला आणि दोन अडकून राहायला. बॉशने १९७५ मध्ये आणलेली ही पद्धत. बिट खट्टकन बसतं आणि थोडं पुढे मागे हलतं, ते सैल नाही, तसंच असायला हवं कारण ठोका थेट बिटला बसायचा असतो. दांड्याला चिमूटभर ग्रीस लावायचं. दुकानातले काका देताना म्हणाले, "याला दाबायचं नाही, सरळ धरायचं फक्त." आणि खरंच, ज्या लिंटेलवर माझं मशीन अडकलं होतं तिथे हे लोण्यासारखं आत गेलं.

पण काँक्रीटमध्ये सळई असते हे विसरायचं नाही. बीम स्लॅबमध्ये सळईवर २०-३० एमएमच काँक्रीट असू शकतं, कॉलममध्ये ४० च्या आसपास, म्हणजे रॉडच्या होलात ती भेटणारच कधीतरी. बिट अचानक थांबतं, आवाज किणकिणतो, भुकटीत चमकणारे कण दिसतात. तिथे थांबायचं आणि होल दोन तीन सेंटीमीटर सरकवायचं, सळई कापायची नाही, इमारतीचा भार तिच्यावर आहे. बिट अडकलं की रोटरी हॅमरचा क्लच घसरतो आणि मनगट वाचतं, साध्या ड्रिलमध्ये बहुतेक वेळा क्लच नसतो, बिट अडकलं की अख्खं मशीन फिरतं. त्यामुळे साईड हँडल कायम लावलेलं, दोन्ही हात मशीनवर, पाय फाकवून घट्ट शिडीवर, आणि ट्रिगर लॉक करायचं बटण शिडीवर कधीच वापरायचं नाही, बोट सुटलं की मशीन बंद झालंच पाहिजे.

टाइलला हॅमर पूर्ण बंद. मास्किंग टेपची फुली, भाल्यासारखं टोक असलेलं टाइल बिट, अगदी हळू स्पीड, टाइलची कड सोडून आत. टाइल पार झाली की बिट बदलायचं आणि मग विटेत हॅमर. बाथरूमची जमीन व्हिट्रिफाइड आहे, तिला हे बिट ओरखडाही काढेना, तिथे डायमंड कोअर बिट (हिऱ्याच्या कणांची कड असलेलं पोकळ नळीसारखं बिट) लागलं, आधी तिरकं धरून चंद्रकोर कोरायची मग हळूहळू सरळ करायचं, आणि माझी बहीण बाजूने स्प्रेच्या बाटलीने फक्त बिटच्या टोकावर पाणी मारत होती, मशीनकडे थेंब जाणार नाही असं.

एएसीच्या पार्टिशनलाही हॅमर नको, ठोक्यांनी ब्लॉक आतून चुरतो आणि गिट्टी गोल फिरत बसते. नुसतं फिरवून होल, आणि एएसीसाठी मिळते ती आट्यांची गिट्टी. त्या पार्टिशनवर मी फोटो फ्रेम आणि एक हलकं घड्याळ एवढंच लावलंय, जड शेल्फ विटेवर.

भाड्याच्या मशीनसोबत छन्नी आणि १३ एमएम चकचा अडॅप्टरही आला होता. छन्नी लावली की स्विच फक्त ठोक्यावर ठेवायचा, आणि ती बीम कॉलमला लावायची नाही. अडॅप्टर उलट, तो लावून फक्त फिरवायचं, लाकूड किंवा लोखंडासाठी, हॅमर चालू केला तर चक खराब होतो.

धुळीसाठी एक युक्ती खूप कामाला आली, होलाच्या खाली जुनं लग्नपत्रिकेचं पाकीट उघडं करून टेपने चिकटवायचं, निम्म्याहून जास्त भुकटी त्यात पडते. होल साफ करायला सायकलचा पंप, तोंडाने फुंकलं तर सगळं डोळ्यात येतं. बाल्कनीच्या पुलीसाठी स्लॅबमध्ये होल डोक्यावर मारायचं होतं तेव्हा प्लास्टिकचा जुना डबा तळाला भोक पाडून बिटवर चढवला. आमच्या स्लॅबला साध्या सळया आहेत हे सोसायटीच्या जुन्या ड्रॉइंगमध्ये बघून घेतलं होतं, नव्या टॉवरमध्ये काही ठिकाणी स्लॅबमध्ये ताणलेल्या केबल असतात, तिथे बिल्डरकडून लेखी विचारल्याशिवाय छताला बिट लावू नका.